सागर निळाशारच असला पाहिजे

मुलांना लिहितं करणारी संस्था काढायचं तुमच्या मनाने घेतलं, हे उत्तम झालं. त्यातही देवगड तालुका निवडलात, म्हणजे तुम्हाला या कामाची जाण आहे. मुलं काय, मराठवाड्यातही आहेत. पण तिथे कार्यशाळा संपल्यावर पाय बुडवायला समुद्र नाही, आणि भेटीला आलेल्या देणगीदाराच्या डिकीत हापूसची पेटी ठेवायची सोय नाही.

नोंदणीचं फार मनावर घेऊ नका. 1860 चा सोसायटी कायदा, 1950 चा सार्वजनिक न्यास कायदा, मग आयकर सवलतीच्या नोंदण्या आणि कंपन्यांच्या निधीसाठी सीएसआर-1, असा तो रस्ता मुंबई-गोवा महामार्गासारखा आहे. काम चालूच असतं, तरी लोक पोचतात.

खरी कसोटी देणगीदाराला धाडायच्या पहिल्या प्रस्तावात लागते. त्यात ‘गरज’ नावाचा रकाना असतो आणि तो भरताना कोकण फार त्रास देतं. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची साक्षरता 85 टक्क्यांच्या वर, म्हणजे राज्याच्या सरासरीच्याही पुढे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं, मुंबई विद्यापीठाहूनही थोरलं. केशवसुत मालगुंडचे, साने गुरुजी पालगडचे, पाडगावकर वेंगुर्ल्याचे. आणि 2003 चं ज्ञानपीठ ज्यांना मिळालं ते विंदा करंदीकर तर थेट तुमच्याच देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. ही यादी गावातले कोणीही निवृत्त गुरुजी तुम्हाला चहाबरोबर ऐकवतील. ऐका, मान डोलवा आणि घरी येऊन लिहा: ‘या दुर्गम किनारपट्टीवर वाचनसंस्कृतीचा पूर्ण अभाव आहे.’ ‘दुर्गम’ विसरू नका. एसटी दिवसातून किती वेळा येते हे तपासायला मुंबईहून कोणी येत नाही, आणि आलंच तर इनोव्हाने येतं.

खरी गरज कुठली, असलं काही गावात विचारत बसू नका. कोणीतरी सांगेल की शाळेचा पट सातवर आलाय, पुस्तकांचं कपाट आहे पण त्याची किल्ली बदली झालेल्या गुरुजींच्या खिशातून कोल्हापूरला गेलीय. किल्ली परत आणायला निधी मिळत नाही. त्याला ‘हस्तक्षेप’ म्हणता येत नाही, आणि त्याचा फोटोही निघत नाही.

प्रेरणा परदेशातून घेतलेली बरी. सॅन फ्रान्सिस्कोत 2002 साली डेव्ह एगर्स हे लेखक आणि निनिव्ह कॅलेगारी या शिक्षिका, दोघांनी मिळून 826 व्हॅलेन्सिया नावाचं केंद्र काढलं. जागा नियमानुसार दुकानासाठीच होती, म्हणून त्यांनी दर्शनी भागात समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान थाटलं आणि मागच्या बाजूला मुलांना शिकवायला घेतलं. मुलाशेजारी एक मोठं माणूस बसतं, त्याचंच वाक्य त्याच्यासोबत पुन्हा वाचतं, हे तिथलं मुख्य काम. तेवढं वगळून बाकी सगळं उचला. म्हणजे दुकान उचला. विजयदुर्गच्या बंदरावर चाच्यांचं दुकान काढलंत तर फोटो झकास येतील. एकच सांभाळा. कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचाच म्हणत, हे गाव विसरलेलं नाही. तेव्हा उद्घाटनाला सरपंचांना बोलावण्याआधी पाटीवरचा मजकूर कोणा जाणत्याला दाखवा. शिवाय दारात दोर, गळ, जाळी टांगलेली दिसली की खरं गिऱ्हाईक येणार आणि ‘जाळ्याचो भाव काय?’ विचारणार. त्यांना हसून सांगा की ही जाळी कल्पनाशक्तीची आहे. ते परत येणार नाहीत.

वर्षाचं नियोजन पुण्यात करा. कोकणात बसून केलंत तर आजूबाजूला बघावं लागतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बापूस घरी, पडवीत जाळी सांधत, एकामागून एक गजाली सांगत असतो आणि पोरं भोवती बसलेली असतात. नेमके त्याच दोन महिन्यांत तुम्ही प्रशिक्षणाला लोणावळ्यात असा. गणपतीत पहिलं सत्र लावा, म्हणजे हजेरी का शून्य आली यावर एक स्वतंत्र टिपण लिहिता येईल. आणि ‘उन्हाळी लेखन शिबिर’ ऐन एप्रिल-मेमध्ये ठेवा. तेव्हा सगळं घर आंब्यात असतं. पेटीवर डझन किती आणि माल कोणाकडे जायचा, हे मार्करने लिहिण्याचं काम बहुतेक घरांत सहावी-सातवीतल्या पोराकडे असतं, कारण घरात अक्षर त्याचंच बरं. भाव पडला की त्याच पोराला वहीत हिशेब परत मांडावा लागतो. हे लेखन धरायचं नाही. त्याला साचा नाही.

आकड्यांनी घाबरून जाऊ नका. शाळेत मुलं सातच असली तरी सत्रं तीस घेतलीत की 210 ‘विद्यार्थी-संपर्क’ होतात. प्रत्येकाच्या घरची पाच माणसं अप्रत्यक्ष लाभार्थी धरा. सात मुलांत दोन जोड्या सख्ख्या भावंडांच्या आहेत हे कोणाला कळत नाही. मुंबईला असलेला काका गणपतीला येतो, त्यालाही धरा. संस्थेतलं सर्वात सर्जनशील लेखन मुलांच्या वह्यांत नसतं, वार्षिक अहवालात असतं, हे एकदा मान्य केलंत की मन हलकं होतं.

माणसं नेमताना एक पथ्य. वरची पदं शहरातून आणि पायी हिंडायची पदं गावातून भरा. वरच्यांना ‘फेलो’ म्हणा आणि त्यांना इथे आल्यावर स्वतःचा शोध लागू द्या. दोन वर्षांत तो लागतो आणि ते निघून जातात. खालच्या पदावर डीएड झालेली, भरतीची वाट बघणारी मुलगी मिळते. तिला मानधन द्या, पगार म्हणू नका. गावातली पोरं तिला सवयीने ‘बाई’ म्हणतील. त्यांना ‘दीदी’ म्हणायला शिकवा. दिल्लीपासून सगळ्या संस्थांत दीदीच असते, मग आपण का मागे राहायचं?

आता मुलांकडे वळू या, कारण अधूनमधून ते करावं लागतं.

कार्तिकानंतर जत्रा लागतात. मुलं रात्र रात्र जागून दशावतार बघतात. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र घेणार ते ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात; समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा आणि वाढवून परत करायचा. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर सातवीतला एखादा पोरगा संकासुर होऊन हेच करतो, मध्येच गावातल्या लाईटवाल्याची टर उडवतो, परत कथेवर येतो, आणि कुठे अडत नाही. हे पाहून विचलित होऊ नका. सोमवारी त्याच्यापुढे ‘गोष्टीचे पाच घटक’ हे वर्कशीट ठेवा. पात्र, स्थळ, समस्या, वळण, शेवट, आणि प्रत्येकाखाली दोन ओळींची जागा. तो पेन्सिलीचं बूड चावत बसेल. त्याच्या नावापुढे लिहा: ‘अभिव्यक्तीत मागे, आत्मविश्वास वाढवण्याची गरज.’

लेखनाचा विषय मात्र मोकळा द्या. फळ्यावर लिहा ‘माझा समुद्र’ आणि म्हणा, मनात येईल ते लिहा. मग वह्या गोळा करा. एका वहीत असं निघेल:

‘आज बापाशीक काय गावूक नाय. आवस कोणाशी बोलूक नाय. आमी पेज जेवलंव.’

इथे तुमची खरी गरज आहे. या तीन ओळींत सागर नाही, लाटा नाहीत, क्षितिज तर नाहीच. शब्दही ‘प्रमाण’ नाहीत. शिवाय मुलीने काय वाटलं ते कुठेच लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला ते आपोआप कळतं, आणि असं आपोआप कळणं अहवालात बसवता येत नाही. तेव्हा तिच्याशेजारी प्रेमाने बसा. विचारा, ‘समुद्राचा रंग कोणता असतो गं?’ ती म्हणेल, ‘खंयचो? सकाळचो की पावसातलो?’ तिला निळाशार सांगा. विचारा, ‘बाबा बोटीवर जातात तेव्हा तुला काय वाटतं?’ ती गप्प राहील. अभिमान, असं सुचवा. हळूहळू, तिसऱ्या कच्च्या मसुद्यापर्यंत, तिच्या हातून उतरेल: ‘निळ्याशार सागराच्या कुशीत माझे बाबा मासेमारी करतात. लाटा जणू त्यांच्याशी हितगुज करतात. मला त्यांचा अभिमान वाटतो.’ पेज गेली, आईही गेली. आता ते मुखपृष्ठामागे छापता येईल.

मालवणीला तुमचा विरोध आहे असं कोणी म्हणू नये म्हणून एक कोपरा राखून ठेवा. ‘बोलीभाषेची गंमत’ असं त्याला नाव द्या. त्यात म्हणी, कोडी आणि माशांची नावं येऊ द्या. दुःख मात्र प्रमाण मराठीतच ठेवा. 3 ऑक्टोबर 2024 ला भाषेला अभिजात दर्जा मिळालाय, निदान त्याचा तरी मान राखा.

मूल्यमापनाची गोष्ट वेगळी आहे, पण फार लांबवत नाही. ‘असर’ची वाचन तपासणी 2005 पासून देशभर वापरतात आणि ती भलतीच साधी आहे. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर वाचतं तिथे खूण. काही मिनिटांत कळतं कोणाला वाचता येतं आणि कोणाला नाही. म्हणूनच टाळा. तुमच्या संस्थेचा स्वतःचा ‘सर्जनशीलता निर्देशांक’ हवा, ज्याचा अर्थ लावायला तुम्हीच लागाल. बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची चाचणी, जूनमध्ये घ्या, पत्र्यावर पाऊस धो धो पडत असताना, जेव्हा मुलाला प्रश्न आणि तुम्हाला उत्तर ऐकू येत नाही. एंडलाइन, म्हणजे शेवटची, फेब्रुवारीत घ्या, स्वच्छ उन्हात, तोच उतारा. सगळीच मुलं सुधारतात.

देणगीदाराची भेट मार्चमध्ये येते, कारण 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 आणि नफ्याचे ते 2 टक्के कंपनीला वर्ष संपता संपता आठवतात. तेव्हा शिमगाही असतो, वार्षिक परीक्षाही तोंडावर असते आणि आंब्याची पहिली काढणीही, पण कंपनीच्या गाडीला वळायला जागा आहे ना एवढंच बघा. एका म्हाताऱ्या मानकऱ्याला नारळ देऊन गाऱ्हाणं घालायला सांगा. ‘या पोरांच्या हातात लेखणी दिलंस, तशी बरकत दी रे महाराजा’ म्हटलं की मागून सगळी वाडी एका आवाजात ‘व्हय महाराजा!’ म्हणते. इतका एकमुखी लोकसहभाग दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात मिळणार नाही. पाहुण्यांनी चित्रीकरण केलं तर करू द्या. मानकऱ्याने पुढे आपल्याच अंगचा एक विषय घातला, ‘आणि ती कपाटाची किल्ली खंय आसा ती गावांदी रे महाराजा’, तरी दचकू नका. पाहुण्यांना ते मंत्रच वाटतील.

एका धोक्याची मात्र वेळीच सूचना देतो. कधीकधी मानधनावरची ती मुलगी सत्र संपल्यावरही वाडीत रेंगाळते. वर्कशीट पिशवीतच ठेवते. पोरांना विचारते, काल काय झालं, आणि ती सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत त्यांच्याकडून लिहून घेते. न लिहिता येणाऱ्यासाठी स्वतः लिहिते आणि परत त्याच्याचकडून वाचून घेते, बोट ठेवून, आपलंच वाक्य. जो पोरगा जूनमध्ये अक्षरांवर अडला होता तो दिवाळीपर्यंत स्वतःचा परिच्छेद वाचायला लागतो. याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही आणि बाकीच्यांना उगीच कमीपणा येतो. अशी व्यक्ती आढळल्यास तिचं ताबडतोब कौतुक करा, ‘तालुका समन्वयक’ अशी बढती द्या आणि कणकवलीच्या ऑफिसात एक्सेलसमोर बसवा. मानधनात पाचशे वाढवा. वाडीत तिची चौकशी होईल चार दिवस. नंतर नवीन दीदी जाते.

शेवटी पुस्तक. मुलांच्या निवडक लेखनाचा संग्रह, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर नारळाचं झाड. प्रकाशन मुंबईत ठेवा, कारण वाचक तिथे आहेत. लेखकांपैकी दोघांना रेल्वेने आणा आणि पहिल्या रांगेत बसवा. प्रास्ताविक संस्थापकांचं, मनोगत कंपनीचं, आभार पुन्हा संस्थापकांचे. किंमत 350 रुपये. लेखकांना 10 टक्के सवलत द्या, ती छापूनच टाका, म्हणजे मागायला संकोच वाटणार नाही.

शाळेला एक प्रत भेट जाते. ती कपाटात ठेवायची तर किल्ली नाही, म्हणून काही दिवस टेबलावर राहते, आणि त्यामुळे मुलांच्या हाताला लागते. ती मुलगी आपलं नाव शोधून काढेल, खालचा मजकूर शेवटपर्यंत वाचेल आणि विचारेल, ‘ह्यां कोणी लिवलां?’

तिला समजावत बसू नका. प्रश्न जसाच्या तसा ‘चिकित्सक विचार’ या रकान्यात उतरवून घ्या. त्या रकान्यात गेल्या वर्षी एकही नोंद नव्हती.