आमच्याकडे होती

जुनी जीप घेऊन रस्त्यावर उतरलात की ऊन, पोलीस, पंक्चर वगैरे सगळं नंतर, आधी तुम्हाला गाठतो तो एक माणूस. पन्नाशीच्या पुढचा, हात मागे बांधलेले. गाडीभोवती देवळात घालतात तशी एक प्रदक्षिणा घालतो, बॉनेटवर दोन चापट्या मारतो आणि म्हणतो, "आमच्याकडे होती." संपलं. पुढे काही बोलत नाही, आपण काय बोलणार त्याची वाट बघतो. आणि आपण तरी काय बोलणार हो? "हो का? वा!"

पुणे ते वेंगुर्ला साधारण चारशे किलोमीटरात हे वाक्य मला सदतीस वेळा ऐकायला मिळालं. आकडा माझा नाही, मेव्हण्याचा आहे. तो आयटीत आहे, त्याला काहीही मोजायला आवडतं. खेड शिवापूरपर्यंतच पाच झाले तेव्हा त्याने मोबाईलमध्ये वेगळी नोट उघडली.

गाडी म्हणजे सीजे-थ्री-बी हे जीपचं जुनं मॉडेल, माझी १९६७ ची, म्हणजे मेव्हण्यापेक्षा चांगली बारा-तेरा वर्षांनी मोठी. हिला लोक हाय-हूड म्हणतात कारण बॉनेट उंच. आणि ते उंच का, तर या इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये बसवलेत आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिन आधीच्या विलीज जीपच्या इंजिनापेक्षा उंच झालं आणि ते काही केल्या जुन्या बॉनेटखाली मावेना, मग बॉनेटच उचललं. झालं. म्हणून हिचं कपाळ एवढं मोठं आणि चेहरा कायम काहीतरी आठवत असल्यासारखा.

ही मी कुठल्याशा सरकारी खात्याने काढून टाकलेली, एका शेतकऱ्याकडे गोठ्यात उभी असलेली अशी घेतली. पावणेतीन वर्षं मिस्त्रीकडे होती. खर्चाचं म्हणाल तर बायकोला सांगितलेला आकडा आणि खरा आकडा या दोघांच्या मधे एक नवी स्कूटर आरामात बसते. (ती हे वाचणार नाही अशी आशा आहे.) मधे २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम आला तेव्हा मी हुरळून गेलो होतो, नंतर कळलं की तशी नोंदणी केली तर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शनं-रॅली वगैरेंसाठीच. म्हणजे फोटोतच बघायची. मग आपलं दर पाच वर्षांनी पासिंग, ग्रीन टॅक्स, चालू.

गाडी ताब्यात देताना मिस्त्री म्हणाला, "साहेब, सोन्यासारखी झालीये, डोळे झाकून काश्मीरला जावा." आणि लगेच एक पिशवी हातात दिली. पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, रेडिएटरचा होज, इन्शुलेशन टेप, तार, आणि कपडे धुवायच्या साबणाची एक वडी. मी म्हटलं साबण कशाला, तर म्हणाला टाकी लिकेज झाली की घासायचा. टाकी या गाडीत ड्रायव्हरच्या सीटच्या खाली असते. चाळीसेक लिटर पेट्रोलवर मी बसणार होतो आणि मधे फक्त रेक्झिन. तिथेच मी काश्मीर रद्द करून वेंगुर्ला ठरवलं. माझी मावशी असते तिथे, आंबे-फणसाचे दिवस, आणि काही झालंच तर तिच्या अंगणात गाडी कायमची लावता येईल हा विचार.

बायकोने स्वच्छ सांगितलं, मी त्या डब्यात बसणार नाही. ती आणि सासूबाई तिच्या गाडीतून, एसी लावून, जेवणाच्या डब्यांसकट, आणि मी नि मेव्हणा जीपमधून. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, पहाटे पाचला सोबतच निघालो. सोबत म्हणजे सोसायटीच्या गेटपर्यंत.

जीपची खुशीची चाल ५५. ६० ला आरसे थरथरतात, ६५ ला आपण. स्टेअरिंगला मिस्त्रीच्या भाषेत "थोडा प्ले" आहे, म्हणजे डावीकडे वळायचं ठरवल्यापासून गाडी प्रत्यक्ष वळेपर्यंत मधे मन बदलायला वेळ मिळतो. मागून येणारा प्रत्येक जण आधी हॉर्न मारतो, मग शेजारी येऊन काच खाली करतो, मोबाईल काढतो, अंगठा दाखवतो आणि जातो. सुरुवातीला फार भारी वाटतं. सुरूरच्या आसपास आपला अंगठा वर करून हात दुखायला लागतो.

पण त्याच्या आधी टोल. फास्टॅग काचेवर चिकटवलेला, आणि काच मी हौसेने पुढे बॉनेटवर आडवी पाडलेली, कारण जीपची काच पडते हे जगाला दाखवायचं होतं. त्यामुळे स्टिकर आकाशाकडे बघत होता. मशीन वाचेना. मेव्हणा म्हणे काच उभी करू, काच उभी केली, मशीनने टॅग वाचला, दांडा वर गेला, आणि बरोब्बर त्या क्षणी गाडी बंद पडली. स्टार्टर मारला तर नुसतं टक. मागे रांग. मग काय, हँडल काढलं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही, नाहीतर इंजिनाने उलटा झटका दिला की अंगठा गेला. हे मी मेव्हण्याला शांतपणे समजावत होतो आणि मागे एक कंटेनरवाला अजिबात शांत नव्हता. तिसऱ्या फेरीला लागली. बूथमधला माणूस डोकं बाहेर काढून म्हणाला, "आमच्या आण्णांकडे होती." नऊ.

खंबाटकी. पुण्याहून जाताना तेव्हा घाट चढावाच लागायचा. दुसऱ्या गिअरवर इंजिन तक्रार करायला लागलं, आणि पहिला टाकायचा तर त्याला सिंक्रो नाही, म्हणजे गाडी जवळजवळ उभी केल्याशिवाय तो पडत नाही, आणि चढावर उभी केली की पुढचा सगळा भरवसा हँडब्रेकवर, जो या गाडीत चाकांना नसतो, मागे जाणाऱ्या शाफ्टला असतो, तो लावल्यावर गाडी अशी एक हिसका देऊन मागे रेलते की मागच्या ट्रकवाल्याने देवाचं नाव घ्यावं. एवढं सगळं पार पाडून पुढे दोन वळणं गेलो आणि गाडी खोकून बंद.

मेव्हण्याने व्हिडिओ बघितलेले होते. तो म्हणाला व्हेपर लॉक. मी त्याला वेड्यात काढणार होतो पण तो बरोबर निघाला, हे मला आजपर्यंत ऐकावं लागतंय. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, इंजिन तापलं की पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला पातळ पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही, मग कार्बोरेटर कोरडा. उपाय एकच, ओलं फडकं. फडकं नव्हतं. मेव्हण्याचा समुद्रासाठी घेतलेला नवा कोरा पांढरा टॉवेल होता. मी काही बोललो नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं. त्याने फार जड मनाने बिसलेरी ओतून तो पंपाला गुंडाळला आणि आम्ही बॉनेट उघडं ठेवून कठड्यावर बसलो. त्या चाळीस मिनिटांत सहा जण थांबून "आमच्याकडे होती" म्हणून गेले. पाणी आहे का, काही हवंय का, हे एकाने विचारलं, आणि तो बिचारा रिक्षावाला होता, त्याच्याकडे कधीच नव्हती.

तेवढ्यात फोन. "आम्ही कराडला नाश्ता करतोय, तुम्ही कुठे?"

"खंबाटकी."

"उतरलात?"

"गाडीतून उतरलोय."

कराड, पेठ नाका, कोल्हापूर हे सगळं मी पटकन सांगतो कारण तिथे काही झालं नाही, म्हणजे पेट्रोल सोडून. लिटरला सात-आठ देते. कोल्हापुरात बायको आणि सासूबाई तांबडा-पांढरा रस्सा जेवून, रंकाळ्यावर चक्कर मारून पुढे गेल्या होत्या, आम्ही उन्हात पंपावर उभे. तिथला पोरगा विसाचा असेल. तो म्हणाला, "आमच्या आज्ज्याकडं हुती." मेव्हण्याने विचारलं, वारसाहक्काने आलेली धरायची का? मी म्हटलं धर.

निपाणी सोडून उत्तूरच्या रस्त्याला लागलो, आजऱ्याच्या अलीकडे वळवाचे ढग भरून आले होते, वारा सुटलेला, मी म्हणजे एकदम खुशीत, आणि मागचं डावं चाक बसलं. पंक्चर.

आता पंक्चर काय, स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे. चाक बदलणं मला येतं. मी पाना लावला आणि जोर दिला. नट हलेना. मेव्हण्याने जोर दिला. नट हलेना. दुधाच्या किटल्या घेऊन एक मोटरसायकलवाला चालला होता, तो थांबला ("आमच्या चुलत्याकडं हुती", एकतीस), त्याने पान्यावर उभं राहून दोन उड्या मारल्या. मग कुठूनतरी पाइप आला, तो पान्याच्या दांड्याला लावला आणि तिघं एकाच वेळी लोंबकळलो. गाडी जॅकवर डोलायला लागली पण नट जागचा हलला नाही. मेव्हणा वाकून बघत म्हणाला, "बोल्टवर एल लिहिलंय." मी म्हटलं साइज असेल, लार्ज.

रस्त्यापलीकडे एक घर होतं. पडवीत एक आजी काजू वाळत घातलेले गोळा करत होती, पाऊस यायच्या आत. ती आमच्याकडे बघत होती हे मला दिसत होतं, म्हणूनच मी पोट आत घेऊन जोर लावत होतो. शेवटी ती सूप खाली ठेवून आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कवाधरनं बघालीय मी. काय करालायसा?"

"नट घट्ट बसलाय, आजी."

"बसंलच की. तुमीच आवळालायसा त्यो. डावीकडचं चाक हाय न्हवं? उलटं आटं हायती त्याला."

आम्ही तिघं पाइपला लोंबकळलेलेच.

तर झालंय असं, की गाडी पुढे पळताना डावीकडची चाकं ज्या बाजूने फिरतात त्याने साधे नट हळूहळू सैल होतील अशी जुन्या लोकांना भीती होती, म्हणून या जीपला डाव्या दोन्ही चाकांचे आटे उलटे दिलेत. एल म्हणजे लेफ्ट. मिस्त्रीने मला हे नक्की सांगितलं असणार, आणि मी नक्की मान डोलावली असणार. पावणेतीन वर्षं गाडी केली, तिचा मूळ हिरवा रंग शोधायला चार दुकानं फिरलो, आणि नट कुठल्या बाजूला फिरतो ते मला माहीत नाही. आता पाइपने आम्ही तो एवढा आवळून ठेवला होता की सोडायलाही पाइपच लागला. आजी मात्र पाइपच्या टोकाला कुठे हात ठेवायचा तेही दाखवून गेली.

"आजी, तुमच्याकडे होती का?" मेव्हण्याने मोबाईल काढत विचारलं.

"आमच्याकडं कुटली बाबा. सायबाची. आमचं मालक ड्रायवर हुतं."

मेव्हणा टाइप करायला लागला. "मालकच ड्रायव्हर होते, म्हणजे एक धरू ना?"

"अरे, मालक म्हणजे नवरा. खोड ते."

तिने सांगितलं ते एवढंच, की साहेब मुक्कामाला आला की गाडी रात्री इथे त्यांच्या दारात उभी असायची, आणि मालकाची पाठ धरलेली असायची म्हणून चाक हीच खोलायची. साहेबाला ते कधी कळलं नसेल. पैसे घेईना. शेवटी तिच्याकडून दोन किलो घनसाळ तांदूळ घेतला तेव्हा हिशोब सुटला. तांदूळ मी माझ्या सीटमागे ठेवला, ती एक चूक झाली, ते पुढे येईलच.

आंबोलीच्या अलीकडे पावसाने गाठलं. या गाडीचे वायपर विजेवर नाहीत, इंजिनाच्या ओढीवर चालतात. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि वायपर थांबतात. पाय काढला की सुरू. चढावर दिसायचं असेल तर थांबायचं, आणि पुढे जायचं असेल तर दिसणार नाही. मी पाय दाबायचो, सोडायचो, सोडला की मेव्हणा घाईघाईने रस्ता बघून ठेवायचा आणि दाबला की मला पाठ म्हणून दाखवायचा, "उजवीकडे वळण, मग झाड, मग म्हैस." आंबोली ओलांडून सावंतवाडीकडे घाट उतरायला लागलो तेव्हा मात्र पाय कायम वर, आणि वायपर असे सुटले, असे सुटले की आता काच फोडून बाहेर पडतात की काय. बाजूने पावसाळी पर्यटक धबधब्याखाली नाचायच्या तयारीने आलेले, धबधबे अजून सुरू व्हायचेत म्हणून हिरमुसलेले, त्यांना आम्ही मिळालो. चार फोटो, दोन "आमच्याकडे होती".

वेंगुर्ल्याला पोचायला साडेनऊ झाले. बायको जेवून, झोपाळ्यावर बसून आमची वाट बघत होती असं म्हणू. मावशी कंदील घेऊन, म्हणजे मोबाईलची बॅटरी घेऊन बाहेर आली, आमच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"मेल्या, एष्टीन इलो असतस तर जेवणाक पावलो असतस."

शेजारचे एक अण्णा लुंगी सावरत कुंपणावरून डोकावले. मेव्हण्याने त्यांनी तोंड उघडायच्या आधीच सदतीस लिहून टाकलं, आणि बरोबरच लिहिलं.

सकाळी उठलो तर मावशी अंगणात वाकून बसलेली. सारवलेल्या अंगणात ऑइलचा थेंब पडू नये म्हणून तिने रात्रीच इंजिनाखाली तिची पितळी परात सरकवली होती, लग्नातली, आणि आता ती त्यातलं ऑइल निरखून बघत होती, गवळ्याने दूध कमी घातलंय का बघावं तसं. तांदळाला लागलेल्या पेट्रोलचा वास घेऊन झाला होता, पिशवी उघडून उन्हात ठेवलेली दिसली.

"चार दिवस ऱ्हवतलंस ना?" तिने विचारलं.

हो म्हटलं.

"मग ती परात थंयच ऱ्हवांदे," ती म्हणाली, "आणि पोळ्यांका तुज्या बायलेक दुसरी आणूक सांग."