बारा वर्षं न आलेला अल्बम

"पार्श्वसंगीत काय कोणी गाण्यासारखं लावून बसतं व्हय?" कोल्हापूरच्या माझ्या मित्राने परवा फोनवर विचारलं. विषय 'सैराट'चा निघाला होता. त्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलं. 'आपले वादक काय कमी होते?' हा आमच्यातला वाद २०१६ पासून चालू आहे. मला मात्र हल्ली दुसरंच खुपतं. अल्बममध्ये चार गाणी आली. चारही आपल्याला तोंडपाठ. पार्श्वसंगीत त्या अल्बममध्ये नव्हतं आणि त्याबद्दल आमच्यापैकी एकानेही चकार शब्द काढला नाही. शेवटच्या प्रसंगातली ती शांतता अंगावर येते, कारण तोवर संगीत आपल्या सोबतीला असतं. इतकं मोलाचं काम करणारी गोष्ट आपण मागितलीच नाही.

मागणं म्हणजे काय, हे मला लंडनमध्ये कळलं. सोहोतल्या बेरिक स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्ड्सची दुकानं आहेत. तिथे शनिवारी साठीच्या एका गृहस्थांशी ओळख झाली आणि ते 'ब्लेड रनर'च्या संगीताबद्दल बोलू लागले. १९८२ चा रिडली स्कॉट यांचा चित्रपट, संगीत व्हॅन्गेलिस यांचं. शेवटच्या श्रेयनामावलीत अल्बम पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीकडून मिळेल असं लिहिलेलं होतं. तो आलाच नाही. त्याऐवजी त्याच वर्षी न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्राने नव्याने वाजवलेली रेकॉर्ड निघाली. या गृहस्थांनी ती घेतली, घरी जाऊन लावली आणि त्यांचा जीव खट्टू झाला. सूर तेच होते, पण तो आवाज नव्हता.

तो आवाज इथलाच, लंडनचा. मार्बल आर्चजवळ हॅम्पडन गर्नी स्ट्रीटवर व्हॅन्गेलिस यांचा नेमो स्टुडिओ होता. पडद्यावरचं दृश्य व्हिडिओवर लावायचं आणि ते बघत बघत वाजवायचं, अशी त्यांची पद्धत. त्यांच्या यामाहा सीएस-८० या सिंथेसायझरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर, पट्टी दाबल्यावर बोटाचा दाब वाढवला की सूर फुलतो, थरथरतो. मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ते लगेच ओळखीचं वाटतं. प्रेमाच्या प्रसंगात डिक मॉरिसी यांचा सॅक्सोफोन येतो तो इतका सावकाश, की फुंकेआधीचा श्वाससुद्धा ऐकल्यासारखा वाटतो.

१९८९ मध्ये व्हॅन्गेलिस यांच्या एका संकलनात थोडे तुकडे आले. १९९३ मध्ये चाहत्यांच्या हाती एक चोरटी सीडी पडली. अधिकृत अल्बम १९९४ मध्ये आला, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी. त्यातही काही तुकड्यांवर चित्रपटातले संवाद होते आणि चित्रपटातलं बरंच संगीत गळलेलं होतं. चाहते पुन्हा मागत राहिले. २००७ मध्ये तीन सीडींचा संच निघाला, त्यातल्या दुसरीवर आधी न आलेलं संगीत होतं. तरी सगळं नाहीच. त्या गृहस्थांकडे हे सगळं आहे, ऑर्केस्ट्रावाली रेकॉर्डसुद्धा.

म्हणून 'तिकडे सगळं जपतात, आपल्याकडे कदर नाही' हे गावाकडचं पालुपद मला पटत नाही. इथल्याही कंपन्यांनी बारा वर्षं काढली. जपलं ते ऐकणाऱ्यांनी. कोणता तुकडा कोणत्या प्रसंगात आहे, किती मिनिटांचा आहे, अल्बममध्ये कुठे कापलाय, हे त्यांनी टिपून ठेवलं. चोरटी सीडी काढणं मला योग्य वाटत नाही, संगीतकाराचा हक्क त्यात बुडतो. पण त्यामागची ती ओढ खरी होती.

आणि पार्श्वसंगीत ही परक्यांची चैन आहे, हे तर अजिबात मान्य नाही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये भास्कर चंदावरकर यांनी कितीतरी विद्यार्थ्यांना चित्रपट कानांनी बघायला शिकवलं. १९७५ च्या 'सामना'चं संगीत त्यांचंच. 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' म्हटलं की रवींद्र साठे यांचा आवाज आणि आरती प्रभूंचे शब्द लगेच आठवतात. त्याच चित्रपटात गाणं नसताना कुठे काय वाजतं, असं मी मित्राला विचारलं. तो गप्प झाला. मलाही सांगता आलं नाही, आणि 'सामना' आम्ही दोघांनी किमान चार वेळा पाहिलाय.

अजय-अतुल यांच्या त्या वाद्यवृंदाचे तुकडे संवादांशिवाय, आवाज न कापता, अल्बम म्हणून मला हवे आहेत. मी पैसे मोजून घेईन. मित्रालाही म्हटलं, तू तिथे आहेस, 'सैराट' पुन्हा लाव आणि कोणत्या मिनिटाला काय वाजतं ते लिहून पाठव, मी इकडून लिहितो.

रविवारी रात्री त्याचा मेसेज आला. पहिल्या वीस मिनिटांचं टिपण होतं, आणि खाली लिहिलं होतं, "विहिरीपाशी व्हायोलिनं आहेत बघ, कधी लक्षातच आलं नव्हतं."