लायनरच्या नावाने मारलेल्या थापा

शॉवरच्या टाइलखाली घालायच्या वॉटरप्रूफ लायनरबद्दल (म्हणजे पाणी अडवणाऱ्या प्लास्टिकच्या जाड चादरीबद्दल) एक संदेश सध्या फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘टाइलच्या सांध्यांतलं ग्राउट चांगलं भरलं की पाणी खाली उतरतच नाही, लायनर फक्त खबरदारी म्हणून. तो सपाट तळावर अंथरा, कडेने खिळे ठोका, ढाळ वरच्या सिमेंट-वाळूच्या मालाला द्या. शेवटी पाच मिनिटं शॉवर सोडून बघा. गळलं नाही की काम पक्कं.’ मला तो तीन जणांनी पाठवला. तिघांच्याही घरी काम काढलेलं आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी ग्राउटचं बघू. पाणी खाली उतरतं. सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं. अंघोळीनंतर टाइल पुसल्यासारखी कोरडी होते, पण सांध्यांच्या रेघा बराच वेळ गडद राहतात, ते प्यायलेलं पाणी. वरून सीलर मारला तर डाग कमी पडतात, झिरपणं थांबत नाही. इपॉक्सी ग्राउट जवळजवळ पाणी पीत नाही, हे मान्य. पण भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात केसाएवढी भेग पडली की तेही हात टेकतं. त्यामुळे टाइलखालचा माल ओला होणार, हे धरूनच काम करायचं असतं.

आता ढाळ. संदेशातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि गंमत म्हणजे ऐकायला ती अगदी बरोबर वाटते. पाणी वरून वाहतं, मग ढाळ वर द्यायचा, यात काय चुकलं? चुकलं असं की मालात मुरलेलं पाणी टाइलच्या ढाळावरून परत वर येऊन वाहत नाही. ते लायनरपर्यंत उतरतं आणि लायनर ज्या बाजूला कललेला असेल तिकडे जातं. लायनर सपाट असेल तर कुठेच जात नाही, तिथेच बसतं. म्हणून आधी मालाचा एक थर ढाळ देऊन घालायचा, मीटरमागे साधारण 20 मिलिमीटर, तो सुकल्यावर त्यावर लायनर, आणि लायनरवर पुन्हा त्याच ढाळात दुसरा थर. ढाळ दोनदा. गवंडी कुरकुर करतो, कारण एक दिवस वाढतो.

माझ्या आधीच्या घरातला शॉवर असाच सपाट लायनरवर केलेला होता. चार वर्षांनी फोडला तेव्हा लायनर धड होता, एक भोक नाही. पण वरचा माल काळा पडला होता, थापीने उचलला तर ओल्या वाळूसारखा सुटत होता आणि वास तुंबलेल्या मोरीचा. खाली एक थेंब गळला नव्हता, आणि तरी सगळं काढून टाकावं लागलं.

ढाळ दिला तरी पाण्याला बाहेर पडायला वाट हवी, आणि त्याबद्दल संदेशात अक्षर नाही. लायनरसाठीचा ड्रेन दोन भागांचा असतो. खालच्या तबकडीवर लायनर बसतो, वरची चकती बोल्टने त्याला आवळते. त्या चकतीला कडेने बारीक भोकं असतात. लायनरवरून आलेलं पाणी त्यातून पाइपात उतरतं. गवंड्याने माल दाबून भरला की ती भोकं बुजतात आणि ढाळ दिलेला लायनरही तुंबतो. उपाय साधा आहे: भोकांभोवती मूठभर बारीक खडी पसरायची, मग माल. सीलंट लायनरच्या खाली, तबकडीवर लावायचा. वर लावला तर तोच भोकं बंद करतो.

खिळ्यांचं थोडक्यात. लायनर भिंतीवर, शॉवरच्या तोंडाशी पाणी अडवणाऱ्या उंबऱ्याच्या तयार पातळीपेक्षा निदान 3 इंच वर चढवायचा आणि खिळे त्याच्या अगदी वरच्या काठालाच मारायचे. उंबऱ्याच्या माथ्यावर किंवा आतल्या बाजूला मारलेला खिळा म्हणजे हौसेने पाडलेलं भोक. तळाच्या कोपऱ्यात लायनर कापायचा नाही, घडी घालायची. उंबऱ्याच्या टोकांना मात्र कापावाच लागतो; तिथे तयार मिळणारा कोपऱ्याचा तुकडा त्याच्याच सॉल्व्हंटने चिकटवायचा.

राहिली पाच मिनिटांची परीक्षा. शॉवर सोडला की पाणी टाइलवरून थेट जाळीत जातं. त्यात परीक्षा होते जाळीची. लायनरला पाणी शिवतसुद्धा नाही. खरी तपासणी टाइल आणि वरचा थर पडायच्या आधी होते. ड्रेनच्या पाइपात फुगवायचा बूच बसवायचा, भोकांच्याही खाली, म्हणजे चकतीचा सांधाही तपासला जातो. उंबऱ्याच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं, लायनरवर पेन्सिलने रेघ मारायची आणि 24 तास हात लावायचा नाही. शेजारी एका बादलीत पाणी भरून तिच्यावरही रेघ मारून ठेवावी. थोडं पाणी उडून जातंच. बादलीत आणि शॉवरमध्ये सारखंच उतरलं असेल तर काळजी नाही. शॉवरमध्ये जास्त उतरलं असेल तर बूच एकदा बघा, मग उंबऱ्याचे कोपरे.