दोष लायनरचा की मालकाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. बेलापूरच्या आमच्या बंगल्यातील व्हाइनिल लायनरच्या, म्हणजे काँक्रीटवर प्लास्टिकची चादर अंथरलेल्या, तरणतलावाविषयी मी जो लेख लिहिला, त्यात मी स्वतःच्या हलगर्जीपणाचे खापर साहित्यावर फोडले, असे आपले म्हणणे आहे. अमेरिकेत हेच लायनर दहा-बारा वर्षे टिकतात, माझा पाच वर्षांत गेला तो निगा न राखल्यामुळे. पाणी कमी होते ते बाष्पीभवनाने, गळतीने नव्हे. आणि असे लेख वाचून कोलशेतला तलाव बांधू पाहणारे आपल्यासारखे लोक विनाकारण बिचकतात, असेही आपण लिहिले आहे. काही बाबतींत आपण बरोबर आहात. मात्र लायनर खरोखर ज्या कारणाने गेला ते आपल्या प्रतिक्रियेत आलेले नाही, आणि माझ्या लेखातही ते मी एका वाक्यात उरकले होते, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

डागांविषयी आधी. पायरीपाशी जो पुरीएवढा पांढरा डाग आहे, तो पूर्णपणे माझ्या हातचा आहे. क्लोरीनची टॅब्लेट तरंगत्या डबीत ठेवायची असते. डबी फुटली म्हणून मी ती दोन दिवस तशीच पाण्यात टाकली, ती तळाशी जाऊन बसली आणि तिच्याखालचा रंग उडाला. ब्लीचिंग पावडरही बादलीभर पाण्यात विरघळवून, गाळ खाली बसू देऊन, मगच वरचे पाणी सोडायचे असते. मूठभर पावडर काठावरून भिरकावणे टाइल्सच्या तलावात एक वेळ खपून जाते, लायनरच्या तलावात नाही. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ आणि मुक्त क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राखले, तर लायनर लवकर कडक होत नाही आणि आक्रसतही नाही. पहिल्या वर्षी मी ही मोजणी आठवड्यातून एकदा, तीही आठवण झाली तर, करीत असे. येथे आपला आरोप मान्य.

गळतीबाबतही मला शब्द मागे घ्यावे लागतील, परंतु आपण म्हणता त्या कारणाने नव्हे. आमचा तलाव आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल आहे, म्हणजे साधारण ४०,००० लिटर पाणी. पातळी एक सेंटिमीटर उतरली की ३२० लिटर गेले असे समजावे. बाष्पीभवन किती आणि गळती किती हे ओळखायला मी बादलीचा प्रयोग केला: पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर ठेवली, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पातळ्यांवर खूण केली, पंप बंद ठेवला आणि चोवीस तासांनी पाहिले. दोन्ही सारख्याच उतरल्या असत्या तर तो उन्हाचा प्रताप ठरला असता. तलावाची पातळी बादलीपेक्षा बरीच खाली गेली होती. मग स्किमरच्या, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतील खिडकीच्या, तोंडाशी खाण्याच्या रंगाचे चार थेंब अलगद सोडले, तेव्हा ती लाल रेघ पाण्यात न पसरता एका स्क्रूच्या दिशेने सरळ ओढली गेली. तेथील गॅस्केट, म्हणजे सांध्यातून पाणी झिरपू न देणारी रबरी चकती, दबून चिरले होते. गळती होती, पण लायनर शाबूत होता, आणि मूळ लेखात मी त्यालाच दोषी ठरवले होते. ते वाक्य दुरुस्त करतो.

अमेरिकेतील दहा-बारा वर्षांचा हिशेब मात्र येथे जसाच्या तसा लावता येत नाही. तेथील उत्तरेकडच्या थंड भागांत तलाव उन्हाळ्याचे चार-पाच महिने उघडा असतो आणि बाकीचा काळ झाकलेला. आमचा बाराही महिने उघडा राहतो. सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, आणि पाण्याच्या रेषेवरची जी चार बोटे पट्टी कोरडी राहते ती सर्वांत आधी तडकते. वर्षांची नव्हे, उन्हाच्या तासांची तुलना करावी.

आता मूळ दुखण्याकडे. आमचा बंगला पारसिक डोंगराच्या उतारावर आहे. मेच्या अखेरीस तलावाची देखभाल करणाऱ्याने सांगितले, की पाऊस लागला की पाणी काठावरून वाहील, तेव्हा फूट-दीड फूट कमी करून ठेवा. ते मला पटले आणि मी केले. जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागला, आणि चौथ्या दिवशी उथळ बाजूला उतरलो तेव्हा पायाखालचा तळ हलला. पाण्याने भरलेल्या गादीवर पाय ठेवावा तसा तो एका जागी दबत होता आणि हातभर पलीकडे फुगत होता. डोंगरातून मुरलेले पाणी तलावाच्या वरच्या अंगाला साचले होते, त्याची पातळी आतल्या पाण्याहून उंच झाली होती, आणि काँक्रीटच्या सांध्यांतून शिरून त्याने लायनर उचलला होता. जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर असलेल्या त्या चादरीला तळाशी धरून ठेवते ते केवळ आतल्या पाण्याचे वजन, आणि तेच मी कमी करून बसलो होतो. ऑगस्टच्या उघडिपीत बाहेरचे पाणी ओसरले, लायनर खाली बसला, पण घड्या घालून बसला. त्या घड्यांत शेवाळ धरले, ब्रश पोहोचेना, आणि दोन वर्षांनी एका घडीवरच तो फाटला. ठिगळ लावले, तेही फार दिवस टिकले नाही.

यात माझा दोष आहेच. पण बांधणाऱ्याने तलावाभोवती खडीत छिद्रांचा पाइप टाकून तो एका खड्ड्यात सोडला असता आणि खड्ड्यात पंप बसवला असता, तर माझा अडाणीपणा एवढा महाग पडला नसता. त्याच्या कोटेशनमध्ये लायनरच्या नक्षीचे सहा पर्याय होते, निचऱ्याचा एक शब्दही नव्हता. नवा लायनर घालण्याआधी हे काम मी करून घेतले, आणि आता पावसाळ्यात तलाव काठापर्यंत भरलेला ठेवतो; जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपने जाते.

आपली जागा कोलशेतला खाडीच्या बाजूला आहे, असे आपण लिहिले आहे. तेथे डोंगराचे पाणी नसले तरी जमिनीतील पाणी मुळातच वर असण्याची शक्यता धरून चालावे. नियोजित तलावाएवढा खोल एक अरुंद खड्डा जुलैत खणून घ्या, मुले-गुरे पडू नयेत म्हणून त्याला कठडा करा, आणि पाणी किती फुटांवर स्थिरावते ते अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या भरतीला आणि पुन्हा ओहोटीला मोजा. ठेकेदाराशी बोलणे त्यानंतर करावे, आणि तो निचऱ्याचा विषय स्वतःहून काढतो का ते पाहावे. मोजमापे मला कळवलीत, तर आमच्याकडे पाइप किती खोलीवर टाकला आणि पंप केवढा लागला, हे आकड्यांसह लिहून पाठवीन.