कोणाच्या हाताखाली?

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करायला लावणे म्हणजे त्यांचे सहा महिने फुकट घालवणे आहे, त्यापेक्षा त्यांना खासगी क्लिनिकमध्ये आणि स्पोर्ट्स रिहॅबला पाठवावे, असा सूर आमच्या बॅचच्या ग्रुपवर सध्या लागला आहे. हा सूर लावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची स्वतःची क्लिनिक आहेत आणि तिथे बिनपगारी हातांची गरज असते, असे मी लिहिले, तर ‘तुला इंग्लंडात बसून बोलायला काय जाते’ असे उत्तर आले.

एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) स्ट्रोक वॉर्डवर मी बँड सहावर, म्हणजे वरिष्ठ फिजिओथेरपिस्टच्या श्रेणीवर आहे आणि माझ्याकडे विद्यार्थी येतात. पदवीपर्यंत त्यांचे १,००० तास प्लेसमेंटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवरच्या प्रशिक्षणात भरावे लागतात; मात्र रोटामध्ये (ड्यूटीच्या वेळापत्रकात) त्यांना मनुष्यबळ म्हणून धरलेले नसते, त्यामुळे विद्यार्थी आला नाही तरी वॉर्ड चालतो. काय जमले नाही, हे त्याला प्लेसमेंटच्या मध्यावरच लेखी कळते. प्लेसमेंट खासगी क्लिनिकमध्ये असली, तरी शिस्त हीच. (विद्यापीठांना जागा मिळवताना इथेही घाम फुटतो, पण ते मी ग्रुपवर लिहिले नाही.)

आपल्याकडच्या खासगी क्लिनिकमध्ये इंटर्न काय करतो? पॅड लावतो, आयएफटीचा (दुखणे कमी करायला सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या यंत्राचा) टायमर पंधरा मिनिटांवर ठेवतो आणि पडद्यापलीकडच्या रुग्णाकडे जातो. पैसे मोजणारा रुग्ण ‘शिकाऊ नको, मॅडमनाच पाठवा’ म्हणतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. माझ्या इंटर्नशिपच्या सरकारी वॉर्डात मात्र अर्धांगवायू झालेला शेतकरी चार दिवसांत घरी जाणार असे, आणि तेवढ्यात त्याच्या मुलाला शिकवावे लागे, की वडिलांना उठवताना लुळा हात ओढायचा नाही, बगलेत हात घालायचा नाही, खांदा निखळतो. इथल्या विद्यार्थ्यांना मी आजही पहिल्या दिवशी तेच सांगते.

त्या वॉर्डात माझ्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती आणि लॉगबुकवरच्या सगळ्या सह्या शेवटच्या दिवशी एकदम झाल्या, हेही खरे. तरीही ज्यांनी स्वतःवर मला शिकू दिले, त्यांच्या वाट्याला माझी नोकरी आली नाही. ती इथल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला आली. त्यामुळे ते महिने वाया गेले असे कोणी म्हटले, की मी तिकडची असल्याचा उरलासुरला दाखलाच कोणी फाडतो आहे असे वाटते आणि मी गरजेपेक्षा तिखट लिहिते.

तर खासगी क्लिनिकला माझी हरकत नाही. इंटर्नला विद्यावेतन द्या, त्याच्या शेजारी कोणता फिजिओथेरपिस्ट उभा राहणार त्याचे नाव कॉलेजला आधी लेखी कळवा आणि मग त्याला खुशाल न्या. ग्रुपवरचे किती जण याला तयार होतात, ते मला पाहायचे आहे.