कलेला, कडक इस्त्री आणि मगुबाने

शिऱ्या सध्या बर्नार्ड मगुबाने वाचतोय, त्यामुळे कट्ट्यावर आम्हा सगळ्यांनाच तो ऐकावा लागतोय. दक्षिण आफ्रिकेचा मानववंशशास्त्रज्ञ, एएनसीचा (वर्णभेदाविरुद्ध लढून पुढे सत्तेत आलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा) माणूस, जन्म १९३०.

"लुआन्श्या," शिऱ्या म्हणाला. "आज झांबियात, तेव्हाचं उत्तर ऱ्होडेशिया. तांब्याच्या खाणी. रविवारी दुपारी बिसा जमातीची पोरं कलेला नाच करायची. कडक इस्त्रीच्या पँटी, चकचकीत बूट. त्यात एक 'डॉक्टर', पांढऱ्या झग्यावर लाल क्रॉस, शिवाय एक 'नर्स'. क्लाइड मिचेल या मानववंशशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये त्यावर लिहिलं. गाणी जमातीची, थाट गोऱ्यांचा, यावरून शहरात मान कशाला आहे ते कळतं म्हणे."

"मग बरोबरच आहे की," मन्या.

"ऐक तर. मगुबानेने १९७१ मध्ये मिचेल आणि त्याचा सहकारी एपस्टाईन यांना धरलं. कपडे, नोकरी, शिक्षण लावून माणूस किती बदलला ते मोजताय. पण तो गाव सोडून खाणीवर आला कशाला? सरकारने कर लावला, तोही रोखीत. पैसा कुठून आणणार? खाणीतूनच ना? हे बाजूला ठेवायचं आणि बुटांची पॉलिश बघत बसायचं?"

मी गिरणगावाचं नाव काढताच शिऱ्याने हात वर केला. "तिकडे नेऊ नकोस. रात्र जाईल."

अण्णा इतका वेळ गप्प होते. "पण ती माणसं काही आंधळी नव्हती, शिरीष. त्याच लुआन्श्यात १९३५ च्या संपात गोळीबार झाला, सहा कामगार मेले. खाणवाल्यांनी मजुरांवर जमातीचे वडीलधारे नेमले होते, त्यांना कामगारांनी कसं झुगारलं, ते एपस्टाईनने १९५८ मध्ये सविस्तर लिहिलंय. खाणीतला आफ्रिकी माणूस हा खाणकामगार म्हणूनच समजून घ्या, असं तर त्यांचा गुरू ग्लकमनच सांगायचा."

अण्णांचं खरं होतं. एपस्टाईनला मिचेलच्या रांगेत उभं करणं मलाही जरा अन्यायाचंच वाटतं. पण बदल मोजायची फूटपट्टी कुणाची, हा प्रश्न तरीही उरतोच.

मन्याचं वेगळंच. "तुमच्या मगुबानेच्या हिशोबात त्या पोराला हौस म्हणून बूट घालायचीही सोय नाही. घातले की लगेच गुलामी!"

यावर शिऱ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने गाडी इतिहासावर नेली. परदेशात अनेक वर्षं शिकवून मगुबाने मायदेशी परतला आणि मुक्तिलढ्याच्या बहुखंडी इतिहासाचा प्रकल्प त्याने चालवला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष म्बेकी यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला होता. पहिला खंड २००४ चा, १९६० ते १९७० या काळावर.

"म्हणजे सत्तेतल्या पक्षाचाच माणूस लढ्याचा इतिहास लिहिणार. झकास!" मन्या.

"एएनसीच्या प्रतिस्पर्धी पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसवरही लिहिलंय त्यात," शिऱ्या म्हणाला. " लढलेल्यांच्या मुलाखती घेतल्यात, नुसते सरकारी कागद नाहीत."

"जागा दिली, ठीक," अण्णा म्हणाले. "पण कोण किती मोठा, हे मोजायची फूटपट्टी कुणाची?"

शिऱ्या भडकला. मगुबानेचा प्रश्न मगुबानेलाच विचारायचा नाही, असं थोडंच आहे, असं मी म्हटल्यावर तर आणखीच.