बघणं वेगळं, अडवणं वेगळं

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात तो असा: "सार्वजनिक जागेत प्रायव्हसी नसतेच. संशयित माणूस दिसला की फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. नेबरहुड वॉच म्हणजे पहारा, आणि पहारेकऱ्याने माणूस अडवायलाच हवा. बंदुकीचं लायसन्स कोणाकडे आहे त्याची यादी जाहीर झाली पाहिजे. पोलिसांचं शूटिंग करू नका, तो गुन्हा आहे. आणि ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याने घाबरायचं कशाला?"

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांमध्ये माझे मित्र आहेत. एकाच्या घरी चोरी झाली आहे, त्याची झोप उडाली आहे, आणि त्याची भीती मला कळते. तरीही यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि सगळी एकत्र आली की जिवावर बेततात. म्हणून एकेक घेतो.

"सार्वजनिक जागेत प्रायव्हसी नसतेच." अर्धं खरं आहे. रस्त्यावरून जे डोळ्यांना दिसतं त्याचा फोटो काढायला अमेरिकेत सहसा परवानगी लागत नाही, आणि हा हक्क मला मोलाचा वाटतो. पण "नसतेच" म्हणणं चूक. 1967 सालचा कॅट्झचा खटला बघा. हा माणूस लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरच्या सार्वजनिक टेलिफोन बूथमधून जुगाराचे फोन करायचा. एफबीआयने वॉरंट न घेता बूथच्या बाहेरून ऐकण्याचं यंत्र लावलं. बूथ काचेचा, आतला माणूस जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना दिसत होता. तरी सुप्रीम कोर्टाने कॅट्झच्या बाजूने निकाल दिला. सरकारच्या अवाजवी झडतीपासून वाचवणारी चौथी घटनादुरुस्ती माणसांचं रक्षण करते, जागांचं नाही, असं कोर्ट म्हणालं. तो लोकांच्या नजरेपासून लपत नव्हता, त्याला नको होता तो आगंतुक कान.

हा निकाल सरकारला बांधतो, शेजाऱ्याला नाही, हे मान्य. पण शेजाऱ्यालाही मोकळं रान नाही. 2014 च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ट्रेनमध्ये बाईच्या स्कर्टखालून चोरून फोटो काढणं तिथल्या तेव्हाच्या कायद्याच्या शब्दांत बसत नाही, कारण त्या बायका अंगभर कपड्यांत होत्या. लोक इतके भडकले की अवघ्या दोन दिवसांत नवा कायदा होऊन त्यावर गव्हर्नरची सही झाली. ट्रेन सार्वजनिकच होती. पण तेवढ्यावरून कोणी गप्प बसलं नाही.

"फोटो काढा आणि ग्रुपवर टाका." या वाक्यापाशी मला थांबावंच लागेल. काढणं आणि टाकणं या दोन वेगळ्या कृती आहेत. काढलेला फोटो पुरावा म्हणून पोलिसांना देता येतो. "हा कोण?" असं लिहून तोच फोटो तीनशे घरांत पाठवला की त्या माणसावर आरोप ठेवला गेला, आणि त्याला ते कळतही नाही.

गेल्या थंडीत आमच्या वस्तीच्या ग्रुपवर असाच एक फोटो आला. डोअरबेल कॅमेऱ्यातला, वरून घेतलेला, थोडा धुरकट. कानटोपी, मफलर, हात मागे बांधलेले, आणि मान वर करून घराचा नंबर वाचणारा एक म्हातारा. खाली कोणीतरी लिहिलं होतं, "दुसऱ्यांदा दिसला. घरं हेरतोय." ते माझे बाबा होते. आमच्याकडची सगळी घरं एकाच साच्यातली, एकाच रंगाची. ते आमचं घर शोधत होते.

मी लगेच खुलासा केला, लोकांनी मनापासून माफी मागितली. पण मला त्या रात्री सुरेशभाई पटेल आठवत राहिले. 2015 चा फेब्रुवारी, अलाबामातलं मॅडिसन. सत्तावन्न वर्षांचे हे गृहस्थ नातवाला सांभाळायला गुजरातहून आले होते आणि सकाळी मुलाच्या घराबाहेर फिरत होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक बारीकसा काळा माणूस घरांजवळ घुटमळतोय. पोलीस आले. पटेलांना इंग्रजी येत नव्हतं. एका अधिकाऱ्याने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांच्या मानेच्या मणक्याला अशी इजा झाली की त्यांना अर्धांगवायू झाला. हे सगळं पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात आलं. फौजदारी खटल्यात ज्युरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि अखेर न्यायाधीशांनी त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं. दिवाणी दाव्यात शहराने 2021 मध्ये 17.5 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. फोन करणाऱ्या शेजाऱ्याने कायदा कुठेच मोडला नव्हता. त्याने फक्त एका आजोबांना "संशयित" ठरवलं होतं.

"पहारेकऱ्याने माणूस अडवायलाच हवा." हे तर नेबरहुड वॉचच्या, म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून वस्तीवर लक्ष ठेवण्याच्या, मूळ कल्पनेच्याच विरुद्ध आहे. अमेरिकेतला राष्ट्रीय नेबरहुड वॉच कार्यक्रम 1972 मध्ये शेरीफांच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा पोलीसप्रमुखांच्या, संघटनेने सुरू केला. त्याचं सूत्र एवढंच: बघा आणि कळवा. गस्त घालणाऱ्यांना पोलिसांचे अधिकार नाहीत, त्यांनी शस्त्र बाळगू नये, गाडीचा पाठलाग करू नये, असं त्यांच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेलं आहे. म्हणजे शेरीफ स्वतः सांगतायत की अडवू नका.

ही ओळ ओलांडली की काय होतं ते फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये 26 फेब्रुवारी 2012 ला दिसलं. ट्रेव्हॉन मार्टिन सतरा वर्षांचा होता, निःशस्त्र होता, दुकानातून परत येत होता. वॉचचा स्वयंसेवक त्याच्या मागे गेला. तसं करायची गरज नाही, असं फोनवरच्या पोलीस कर्मचाऱ्याने त्याला सांगितलं होतं. स्वयंसेवकाच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल होतं, आणि त्याच पिस्तुलाच्या गोळीने ट्रेव्हॉन मेला. पुढच्या वर्षी ज्युरीने त्याला स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सोडलं. कोर्टाचा निकाल काही असो, तो गाडीत बसून राहिला असता तर मुलगा घरी पोचला असता.

जॉर्जियात 2020 मध्ये अहमॉड आर्बरी धावायला बाहेर पडला होता. तिघांनी पिकअप ट्रकमधून त्याचा पाठलाग केला, एकाने गोळी झाडली. आम्ही नागरिक म्हणून त्याला अटक करत होतो, असा त्यांचा बचाव. त्या बचावाला आधार होता 1863 च्या कायद्याचा, जो जॉर्जियाने 2021 मध्ये रद्द केला. तिघेही खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरले. त्यातला तिसरा आपल्या ट्रकने त्याची वाट अडवत होता आणि मोबाइलवर शूटिंग करत होता. त्याने काढलेला व्हिडिओ बाहेर आल्यावरच अटका झाल्या, आणि तोच त्याच्याविरुद्धही पुरावा झाला.

"बंदूकवाल्यांची यादी जाहीर करा." बंदुकीवर कडक नियम हवेत, या मताचा मी आहे. तरीही यादीला माझा विरोध आहे. हे एकदा करून झालंय. कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउनच्या शाळेत 26 जणांची गोळ्या घालून हत्या झाली, त्यानंतर त्याच डिसेंबरात, 2012 मध्ये, न्यूयॉर्कच्या उपनगरातल्या 'जर्नल न्यूज' या वृत्तपत्राने हँडगन परवानाधारकांची नावं आणि पत्ते नकाशावर छापले. माहिती कायदेशीररीत्या मिळवलेली होती. चिडलेल्या लोकांनी पत्रकारांचे पत्ते छापले, आणि वृत्तपत्राच्या कार्यालयाबाहेर सशस्त्र पहारेकरी उभे करायची वेळ आली. जानेवारीत नकाशा उतरवला गेला आणि राज्याने परवानाधारकांना नाव गुप्त ठेवायची मुभा दिली. चोराला अशी यादी दोन्ही बाजूंनी उपयोगी: बंदूक कुठून चोरायची आणि कुठल्या घरात ती नाही. मारणाऱ्या नवऱ्यापासून पळून आलेल्या, म्हणूनच परवाना घेतलेल्या बाईचा पत्ता नकाशावर आला तर तिने काय करायचं? परवाना देताना सरकारने कसून तपासावं. शेजाऱ्यांना यादी देऊन ते काम होत नाही.

"पोलिसांचं शूटिंग गुन्हा आहे." नाही. बॉस्टन कॉमन या सार्वजनिक बागेत मोबाइलवर अटकेचं चित्रण केलं म्हणून 2007 मध्ये एका वकिलाला पोलिसांनी पकडलं. 2011 मध्ये अपील कोर्टाने तो घटनेने दिलेला हक्क असल्याचं सांगितलं आणि पुढे शहराने त्याला 1 लाख 70 हजार डॉलर दिले. अंतर ठेवा, कामात अडथळा आणू नका, एवढी काळजी पुरे.

राहिला शेवटचा प्रश्न, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला. माझ्या बाबांकडे लपवण्यासारखं काहीही नाही. आयुष्यभर शिक्षकी केलेला माणूस. त्या फोटोनंतर मी त्यांच्या कोटाच्या खिशात इंग्रजीत नाव, आमचा पत्ता आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली. मग रात्री लक्षात आलं की कोणी ओरडून थांबवलं तर ते ती दाखवायला पटकन खिशात हात घालतील. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी काढून घेतली आणि कार्ड करून त्यांच्या गळ्यात अडकवलं.